पैनगंगेच्या काठचा बर्फ



बडोदे परिसरातल्या सावली या गावाशी मराठी माणसाचं नातं जुनं आहे. १७३२ साली डाकोरला पिलाजीराव गायकवाडांचा घात झाला आणि त्यांच्यावर अंत्यसंस्कार इथे, सावलीत झाले. बडोद्याच्या राज्याचा इतिहास लिहायला बसलेल्या माणसाला पहिल्या काही पानांतच सावलीला यावं लागतं. मी आज आणलेला इतिहास मात्र कोटी वर्षांत मोजायचा आहे. त्यात राजे नाहीत, लढाया नाहीत. त्यात बर्फ आहे. मैलोन्‌मैल पसरलेला, डोंगर घासून सपाट करणारा बर्फ.

तुम्ही विचाराल, मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो अशा गावात बर्फावर व्याख्यान कशाला? हिमनदी बघायची तर हिमालयात जावं, नाहीतर टीव्हीवर बघावी. आपल्या दख्खनचा, विदर्भाचा, या महीकाठचा तिच्याशी काय संबंध? या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठीच मी आज उभा आहे. संबंध आहे, आणि तो दगडावर कोरलेला आहे.

आधी हिमनदी दिसते कशी ते पाहू. या सभागृहात गोमुखापर्यंत जाऊन आलेले किती जण आहेत? बरेच हात वर झाले. तुमच्यापैकी अनेकांची तिथे निराशा झाली असेल. शुभ्र, चकाकणारं काहीतरी दिसेल म्हणून आपण चालत जातो, आणि समोर येते ती करडी, मळकट, दगडगोट्यांनी झाकलेली भिंत. तिच्या तळातून गढूळ पाण्याचा लोंढा बाहेर पडतो. ‘हीच का ती?’ असं मनात येतं. होय, हीच ती. ती मळकट आहे कारण ती काम करते. दोन्ही बाजूंच्या कड्यांवरून कोसळलेले दगड पाठीवर घेऊन ती खाली येते, तळाचा खडक खरवडत येते. त्या पाण्याचा गढूळपणा म्हणजे दळलेला खडक आहे.

वर्षानुवर्षं पडलेलं हिम साचतं, स्वतःच्याच वजनाने दाबलं जातं, त्यातली बरीचशी हवा निघून जाते आणि त्याचा घट्ट, निळसर बर्फ होतो. हा थर तीस-चाळीस मीटरपेक्षा जाड झाला की खालचा बर्फ वरच्या भाराने आकार बदलू लागतो, आणि सगळा डोलारा उताराकडे सरकायला लागतो. खालचा भाग वाकतो. वरचा वाकू शकत नाही, म्हणून तो फाटतो. त्या फाटण्याने पडलेल्या भेगा कधी हातभर रुंद असतात, कधी अख्खी मोटार गिळतील एवढ्या. ताजं हिम पडलं की त्यांच्यावर पातळ झाकण तयार होतं आणि वरून सगळं सपाट, सुरक्षित दिसतं. १३ एप्रिल १९८४ पासून आपलं सैन्य सियाचिनवर उभं आहे. साताऱ्या-सांगलीपासून विदर्भापर्यंत कितीतरी घरांतल्या मुलांनी तिथे एकमेकांना दोरांनी बांधून पावलं टाकली आहेत. पुढचा माणूस दिसेनासा झाला तर मागच्यांनी दोर धरायचा, यासाठी ते बांधलेले असतात. हिमनदीचं भूरूप त्यांच्याइतकं जवळून क्वचितच दुसऱ्या कोणी पाहिलं असेल.

सियाचिन सुमारे ७६ किलोमीटर लांब आहे. वर इंदिरा कोलजवळ ती साडेपाच हजार मीटरच्या वर सुरू होते आणि सुमारे ३,६०० मीटरवर संपते. तिथून नुब्रा नदी निघते, श्योकला मिळते, पुढे सिंधूला. विमानातून काढलेलं तिचं छायाचित्र पाहिलंत तर पांढऱ्या पटावर लांबच लांब काळे पट्टे दिसतील. हे पट्टे म्हणजे हिमोढ, हिमनदीने वाहून आणलेल्या दगडमातीच्या रांगा. दोन हिमनद्या एकत्र आल्या की एकीचा उजवा काठ आणि दुसरीचा डावा काठ मिळून मधोमध एक काळी रांग तयार होते. पाण्याच्या नद्या संगमानंतर एकमेकींत मिसळून जातात. हिमनद्या मिसळत नाहीत, शेजारी शेजारी चालत राहतात. त्यामुळे काळ्या पट्ट्यांची संख्या मोजली की वर किती उपनद्या येऊन मिळाल्या याचा अंदाज येतो. मला या गोष्टीचं आजही नवल वाटतं.

आणि एखादा मोठा सपाट दगड पृष्ठभागावर पडला तर? तो आपल्या खालच्या बर्फाला उन्हापासून झाकतो. भोवतालचा बर्फ वितळून खाली जातो, दगडाखालचा तेवढा राहतो, आणि काही दिवसांनी तो दगड बर्फाच्या खांबावर उभा दिसतो. लहान खडे मात्र तापतात आणि बर्फात रुततात. एकाच उन्हाखाली एक दगड वर चढतो, दुसरा खाली बुडतो! दुपारी या पृष्ठभागावरून निळ्या पाण्याचे ओहोळ धावतात आणि एखाद्या खोल विवरात गडप होतात. संध्याकाळी सगळं पुन्हा गोठतं.

सियाचिनची ही मापं मोठी वाटतात ना? मग अंटार्क्टिकाकडे बघा. त्या खंडाचा ९८ टक्के भाग बर्फाखाली आहे, आणि त्या बर्फाची सरासरी जाडी दोन किलोमीटरच्या आसपास. तिथे लँबर्ट नावाची हिमनदी आहे, जगातल्या सर्वांत मोठ्या हिमनद्यांपैकी एक. लांबी चारशे किलोमीटर, म्हणजे बडोद्याहून रेल्वेने मुंबई गाठावी एवढी. रुंदी काही ठिकाणी शंभर किलोमीटरपर्यंत, म्हणजे एक काठ आणंदला धरला तर दुसरा भरूचला. ती ज्या प्रिड्झ उपसागराकडे वाहते त्याच उपसागराच्या काठी २०१२ साली आपलं ‘भारती’ हे संशोधन केंद्र सुरू झालं. लँबर्ट हे नाव लक्षात ठेवा, मला पुन्हा तिच्याकडे यायचं आहे.

अंटार्क्टिकाचं नाव निघालं की मराठी माणसाने अदिती पंत यांचं नाव घ्यायलाच हवं. नागपूरला जन्म, पुणे विद्यापीठात शिक्षण, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम. १९८३ च्या डिसेंबरात निघालेल्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत त्या होत्या. सुदीप्ता सेनगुप्ता आणि अदिती पंत, भारतीय मोहिमेतून त्या खंडावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या स्त्रिया. त्याच मोहिमेने बर्फावर ‘दक्षिण गंगोत्री’ हे केंद्र उभारलं. काही वर्षांत ते हिमाखाली गाडलं गेलं आणि सोडून द्यावं लागलं. पुढचं ‘मैत्री’ केंद्र उघड्या खडकावर बांधलं गेलं.

आता मी तुम्हाला चंद्रपूरला नेतो.

महाराष्ट्रातल्या सर्वांत तापणाऱ्या शहरांत चंद्रपूर येतं. उन्हाळ्यात तिथे पारा सत्तेचाळीस अंशांपर्यंत जातो. या शहराच्या पश्चिमेला, पैनगंगेच्या काठी, इरई नावाचं गाव आहे. तिथे चुनखडकाचा एक फरसबंदीसारखा सपाट पृष्ठभाग उघडा पडलेला आढळला. तो गुळगुळीत आहे, आणि त्याच्यावर एकमेकांना समांतर असे लांब, सरळ चरे आहेत. पलंगाच्या पायाखाली वाळूचा कण अडकलेला असताना तो फरशीवरून ओढला तर जसा ओरखडा उठतो, तसे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या फ्रान्सिस फेडन यांनी हे चरे पाहिले आणि १८७५ मध्ये त्यांच्याविषयी लिहिलं. बडोदेकरांना १८७५ हे साल सांगायला नको. कवळाण्याचे गोपाळराव त्याच वर्षी दत्तक येऊन सयाजीराव महाराज झाले.

हे चरे कोणी काढले? पाण्याने? पाणी दगड गोल करतं, रांजणखळगे पाडतं. पण पाणी समांतर, सरळ रेषा ओढत नाही. रेषा ओढायला दगड हातात घट्ट धरून दाबावा लागतो, आणि हजारो टन वजनाने दाबून तो एकाच दिशेला ओढत न्यावा लागतो. निसर्गात हे काम हिमनदी करते. तिच्या तळाशी गोठून बसलेले दगड खालच्या खडकावर चरे पाडत जातात, आणि स्वतःही घासले जाऊन एका बाजूने चपटे होतात.

पुरावा एवढ्यावर थांबत नाही. या चऱ्यांच्या वर दगडगोट्यांचा एक विचित्र थर आहे. बारीक मातीत मुठीएवढे खडे आणि मोठमोठे धोंडे एकत्र, कसलीही वर्गवारी नाही. नदी असं करत नाही. तिचा वेग कमी होतो तसे आधी धोंडे खाली बसतात, मग वाळू, मग गाळ. हिमनदीला निवड करता येत नाही. तिने उचललेलं सगळं, ती वितळते तिथे, एकाच ढिगात पडतं. या थरातले काही गोटे घासून चपटे झालेले आहेत, त्यांच्यावर ओरखडे आहेत. असाच थर ओडिशातल्या तालचेर इथे ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांनी १८५६ च्या सुमारास पाहिला होता आणि हे बर्फाचं काम असावं असं म्हणण्याचं धाडस केलं होतं. धाडसच म्हणायचं! लुई आगासिझ यांनी युरोपात हिमयुगाची कल्पना मांडून तेव्हा जेमतेम दोन दशकं झाली होती. युरोपातही सगळे ती मान्य करायला तयार नव्हते, आणि हे तरुण उष्ण कटिबंधातल्या ओडिशात बर्फ होता असं सांगत होते. इरईच्या चऱ्यांनी त्यांच्या म्हणण्याला पाया दिला.

किती जुने आहेत हे चरे? सुमारे तीस कोटी वर्षं. तुमच्या पूर्वेला दिसणारा पावागड लाव्हाचा आहे. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पावागडाचे थर ओतले जात होते तेव्हा इरईचे चरे तेवीस-चोवीस कोटी वर्षांचे होऊन गेले होते. ज्या चुनखडकावर ते ओढले गेले तो तर त्याहूनही कितीतरी जुना.

पण मग विदर्भात एवढा बर्फ आला कुठून? आणि गंमत पाहा, दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेतही त्याच काळातले तसेच गोटेथर आणि तसेच चरे सापडले. काही ठिकाणी बर्फ आजच्या समुद्राच्या बाजूने जमिनीकडे सरकल्याच्या खुणा होत्या. समुद्रातून हिमनदी वर चढेल कशी? हे कोडं सोडवायला आल्फ्रेड वेगेनर पुढे आले. १९१२ मध्ये त्यांनी खंड सरकतात ही कल्पना मांडली. हे सगळे भूभाग एकत्र ठेवा, दक्षिण ध्रुवाजवळ ठेवा, मग तो एकच विशाल हिमथर होतो, आणि कोडं सुटतं. त्या जुन्या महाखंडाचं नाव आपल्या गोंडवनावरून पडलं आहे, आणि चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी होती. वेगेनर यांचं म्हणणं त्यांच्या हयातीत फार कोणी मानलं नाही. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फावर, सहकाऱ्यांच्या तळावर सामान पोचवून परतताना त्यांचा मृत्यू झाला.

त्याच १९१२ साली पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सहकारी दक्षिण ध्रुवावरून परत येत होते. उपाशी, हिमदंशाने पाय सडलेले. वाटेत बिअर्डमोर हिमनदीच्या हिमोढापाशी ते थांबले आणि त्यांनी दगड गोळा केले. पुढे त्यांचे मृतदेह सापडले तेव्हा घसरगाडीवर सुमारे सोळा किलो दगड होते, त्यांनी ते टाकून दिले नव्हते. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीचे अवशेष निघाले. लांबट पान, मधोमध ठळक शीर. हेच पान आपल्या नागपूर-कामठीच्या खडकांत सापडतं. नागपूरला राहणारे स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथे अशा पानांचे जीवाश्म जमवले होते. म्हणजे स्कॉटच्या माणसांनी मरणाच्या दारात जपलेलं पान नागपूरच्या मातीत होतं. हे नुसतं सांगतानाही माझ्या अंगावर काटा येतो.

लँबर्ट लक्षात आहे ना? ती ज्या खोल खचदरीतून वाहते तिचं एके काळचं पुढचं टोक भारतात आहे, महानदीच्या खोऱ्यात, जिथे तालचेर आहे, असं भूशास्त्रज्ञ मानतात. खंड फुटले, भारत उत्तरेला निघाला, अंटार्क्टिका जागेवर राहिला. खचदरीच्या त्या अर्ध्या भागात आज हिमनदी वाहते. आपल्या अर्ध्या भागात कोळशाच्या खाणी आहेत. आणि लँबर्टच्या काठच्या डोंगरांतही त्याच काळातला कोळसा आहे.

या कोळशाबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे. हिमथर वितळला, त्याने मागे ठेवलेल्या गाळावर, दलदलीत ग्लॉसोप्टेरिसची जंगलं उभी राहिली, गाडली गेली, त्यांचा कोळसा झाला. बल्लारपूर, घुग्गुस, वणी, कोरबा, सगळीकडे क्रम हाच. खाली हिमनदीचे गोटे, वर कोळसा. आणि तो कोळसा जातो कुठे? चंद्रपूरच्या वीजकेंद्रात जातो. इथून जवळ, महीच्या पलीकडच्या काठावर, वणाकबोरीचं वीजकेंद्र आहे. तिथेही मध्य भारतातल्या खाणींचा कोळसा जळत आला आहे. या सभागृहातला पंखा त्यावर फिरत असेल. विजेशिवाय राहा असं मी कोणाला सांगणार नाही, मीही तिच्यावरच जगतो. पण एका हिमयुगाच्या शेवटी जमिनीत गेलेला कार्बन आपण दीड-दोनशे वर्षांत हवेत सोडतो आहोत, आणि त्याची झळ आजच्या हिमनद्यांना बसते आहे, हे डोळ्यांआड करून चालणार नाही.

अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात असताना अनिल कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहचित्रांवरून चिनाब, पार्वती आणि बस्पा खोऱ्यांतल्या ४६६ हिमनद्या मोजल्या. १९६२ मध्ये त्यांचं क्षेत्र २,०७७ चौरस किलोमीटर होतं. सुमारे चार दशकांनी ते १,६२८ उरलं. एकवीस टक्के घट. आणि आणखी एक बाब त्यांना दिसली. हिमनद्यांची संख्या वाढली होती! कशी? मोठ्या हिमनद्या आटताना त्यांच्या शाखा तुटून वेगळ्या झाल्या. संख्या वाढणं हे इथे क्षयाचं लक्षण आहे. लहान तुकडा मोठ्यापेक्षा लवकर संपतो.

मागे सरकणं हिमनदीला नवं नाही, हेही खरं. पुढच्या वेळी गंगोत्रीला जाल तेव्हा हर्सिलच्या खाली झाला नावाचं गाव लागेल, तिथे जागे राहा. तिथून वर खोरं एकदम रुंद होतं, तळ सपाट, बाजू उभ्या. नदी एवढी रुंद सपाटी कापत नाही. गंगोत्री हिमनदी हजारो वर्षांपूर्वी त्या झालापर्यंत पोचली होती, आजच्या गोमुखापासून चाळीसएक किलोमीटर खाली. पण तिला मागे जायला हजारो वर्षं मिळाली. आज आपण दशकांत मोजतो आहोत.

आता शेवटी घरी येऊ, महीवर.

मही बर्फाचं पाणी आणत नाही. ती विंध्याच्या उतारावर, मध्य प्रदेशात उगम पावते आणि पावसावर जगते. तरी तिच्या काठच्या उंच दरडींत, त्या कोतरांत, बर्फाची गोष्ट आहे. बडोद्याला पाणी देणाऱ्या फ्रेंच विहिरी जिथे आहेत त्या रायका, पोइचा भागात नदीने वीस-तीस मीटर उंच उभे काप घेतले आहेत. बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठातल्या भूशास्त्राच्या अभ्यासकांनी या दरडींवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. खाली नदीने आणलेली वाळू-खडी आहे, मध्ये तांबडी माती, आणि माथ्यावर पिवळसर, बारीक, एकसारखी माती. ही वरची माती मुख्यतः वाऱ्याने आणली.

वाऱ्याने? इथे? होय. वीस हजार वर्षांपूर्वी शेवटच्या हिमयुगाचा कळस होता. उत्तर अमेरिका आणि युरोपचा उत्तर भाग बर्फाखाली होता. पाणी बर्फात अडकल्यामुळे जगभर समुद्र सुमारे १२० मीटर खाली गेला. खंभातचं आखात तेव्हा कोरडी जमीन होती. आपला मोसमी पाऊस अशक्त झाला, नद्या रोडावल्या, आणि उघड्या पडलेल्या वाळूवरून उडालेली धूळ या भागावर साचत राहिली. पुढे पाऊस परत आला, जमीनही थोडी उचलली गेली, आणि नदीने ते थर कापून दरडी केल्या. म्हणजे हजारो मैलांवर बर्फ साचला आणि त्याने सावलीच्या शेतांची माती घडवली.

माझी विनंती सोपी आहे. इरईचा चुनखडक ज्या जातीचा आहे तोच त्या भागात सिमेंटसाठी फोडला जातो. महीकाठची दरड विटांसाठी, भरावासाठी सहज कापली जाते. दोन्ही ठिकाणी पुरावा एकदाच मिळतो. सावली तालुक्यात नदीकाठी कुठे कुठे असे स्वच्छ काप उघडे आहेत, त्यांचे थर कोणते, त्यातले कोणते ढासळत आहेत, याची यादी शाळेतली मुलंही करू शकतील. माघ-फाल्गुनात पाणी उतरलं की निघा. दरडीच्या अगदी खाली उभे राहू नका, ती ठिसूळ असते. मोजपट्टी, वही आणि फोनमधला कॅमेरा पुरे. विद्यापीठातले अभ्यासक मार्गदर्शन करतील, मी त्यांच्याशी बोलतो. एखाद्या शाळेने हे काम हाती घेतलं तर पहिल्या फेरीला मी स्वतः येईन.